भरतकामाचे कुलूप

भावजयीने भरतकामाचे मशीन उशीवर उलटे ठेवले आणि तळाचा शेवटचा स्क्रू सोडवला. शेजारी बसलेल्या नणंदेने डोळे घट्ट मिटून घेतले.

"वन्सं, ऑपरेशन नाहीये हे."

"तुला काय होतंय बोलायला! माझ्या मुलींनी दिलंय ते."

मुली म्हणजे तिच्या शिवणवर्गातल्या विद्यार्थिनी. वर्ग बंद झाला तेव्हा सगळ्यांनी मिळून ही भेट दिली होती. नणंदेने आयुष्यभर हाताने भरतकाम केले. अलीकडे उजवा हात थरथरू लागला आणि सुईत दोरा ओवणेही अवघड झाले. मशीन आले तेव्हा तिला वाटले, टाके हे घालील, आपण फक्त नक्षी काढायची. पण मशीनला कंपनीच्या नक्ष्यांखेरीज काही चालत नव्हते. कंपनीचा गुलाब, कंपनीचे फुलपाखरू, कंपनीचे बदक. तिने कागदावर काढलेली वेल भावजयीने स्कॅन करून मशीनला दिली, तर पडद्यावर अक्षरे उमटली : अमान्य फाइल.

"माझी वेल अमान्य?" ती एवढेच म्हणाली आणि वेलीचा कागद उचलून आत निघून गेली.

भावजय प्रोग्रामर होती. ज्याचे पोट उघडून पाहता येते, बदलता येते, असे मुक्त सॉफ्टवेअरच वापरायचे हा तिचा नेम. कुलूपबंद यंत्र तिने स्वतःसाठी कधी घेतले नव्हते. तिच्यासारखेच नेमवाले काही मित्र रविवारी एकत्र जमत. तिथे तिने हा विषय काढला. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तू उघडशील गं. पण कशाला? आपण बंद यंत्रं उघडून देत बसलो की लोक म्हणणार, घ्या बिनधास्त, कोणीतरी उघडून देईल. खप कंपनीचा, जागरणं आपली. तेवढे कष्ट मोकळं यंत्र बनवण्यात घाल."

"पटतंय मास्तर. पण हे घरात येऊन बसलंय."

"मग परत करा."

"भेट आहे ती. आणि मोकळं मशीन कोणी बनवेपर्यंत वन्संनी काय हातावर हात ठेवून बसायचं?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. जिना उतरताना मात्र थांबून म्हणाले, "आधी आतल्या मूळ प्रोग्रामची नक्कल काढून ठेव. नाहीतर काही चुकलं तर मशीनचा दगड होईल."

तिने नक्कल काढली, आणि ते बरे झाले. कारण कुलूप उघडायच्या खटपटीत एका दुपारी पडदा काळा पडला तो पडलाच. बटण दाबून दाबून तिचे बोट दुखले.

"गेलं?" नणंदेने दारातून विचारले.

"झोपलंय."

"गेलं तर गेलं. बदकं तरी सुटली बिचारी."

ती हसली, पण मग आतल्या खोलीत जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भावजयीने जुनी नक्कल परत चढवली. पडदा उजळला तेव्हा तिने आधी आतल्या खोलीचे दार वाजवले. त्यानंतरच्या आठवड्यात कधीतरी कुलूप उघडले. मशीन आता कोणाचीही नक्षी विनातक्रार घेऊ लागले.

पहिला मान अर्थातच वेलीचा. नणंद आंघोळीला गेली होती, तेवढ्यात भावजयीने वेल संगणकावर घेतली. रेघा जागोजागी हलल्या होत्या. तिने देठाची वळणे सफाईदार केली, पाने एकसारखी केली आणि मशीन सुरू केले. नणंद केस पुसत बाहेर आली तेव्हा रिंगमध्ये ताणलेल्या पांढऱ्या कापडावर हिरवी वेल पुरी झाली होती.

नणंदेने रिंग खिडकीपाशी नेली. पानांवरून अंगठा फिरवला.

"सुंदर आहे." मग जरा थांबून, "कोणाची?"

"कोणाची म्हणजे? तुमचीच."

"माझी पानं इतकी शहाणी नसतात."

भावजय हसली आणि हसता हसता थांबली.

"रेघा हलल्या होत्या, म्हणून मी जराशी..."

"हलणारच. हात हलतो माझा." नणंदेच्या आवाजात राग नव्हता. तिने रिंग टेबलावर ठेवली. "कंपनीने निदान तोंडावर सांगितलं होतं."

भावजयीचे कान गरम झाले. ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची नणंदेकडे वळवली.

"बसा. तुम्हीच करा."

"मी? बिघडवून ठेवीन."

"नक्कल आहे. खुशाल बिघडवा."

कागदावरची वेल कुठे ठेवायची, कोणते बटण दाबायचे, एवढे दाखवून ती स्वयंपाकघरात गेली. चहाचे आधण ठेवले. बाहेर कळा दाबल्याचे आवाज येत होते, मध्येच एक "अगं बाई!" आणि पुन्हा कळा. पाय दाराकडे वळत होते. तिने ओट्यावरचा एक स्वच्छ कप घेतला आणि पुन्हा विसळला.

"अगं, हे विचारतंय," नणंदेचा आवाज आला, "रेघा गुळगुळीत करू का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

एकच कळ दाबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मशीनचा टकटक आवाज सुरू झाला.