गाल सुन्न होईपर्यंत

बसलेले गाल भरून काढायची सुई गालात शिरली तशी आईच्या पायांची बोटं आवळली गेली. चेहऱ्यावर मात्र रेषही हलली नाही. शेजारी बसलेल्या लेकीने ती बोटं पाहिली आणि तिचं डोकंच सणकलं.

"डॉक्टर, थांबा. हिला दुखतंय."

डॉक्टरबाईंनी सुई काढली. "अहो, मघाशी विचारलं तर गाल सुन्न झालाय म्हणालात!"

"झालाय की. चालू द्या तुमचं."

लेकीचं लक्ष कचऱ्याच्या डब्याकडे गेलं. वरच पांढरे, चिकट कापसाचे बोळे पडले होते. मघाशी ती पाणी आणायला गेली तेवढ्यात आईने सुन्न करायची क्रीम पुसून टाकली होती. अर्धा तास ठेवायची क्रीम, दहा मिनिटंही टिकली नव्हती.

"का पुसलीस?"

"बाहेर बाबा ताटकळलेत गं. दोनदा डोकावून गेले."

"डोकावू देत! गाल बसले, म्हातारी दिसायला लागली, हे चारचौघांत कोण म्हणालं? तेच ना? मग आता बसा म्हणावं बाकावर, मुळं फुटेपर्यंत!"

"हळू बोल. ऐकतील."

"ऐकावं म्हणूनच बोलतेय! दाढ काढून आलीस त्या दिवशीही स्वयंपाकाला उभी राहिलीस. कुणी ताम्रपट दिला?"

डॉक्टरबाईंनी क्रीमची ट्यूब पुन्हा उघडली.

"आता पुरा अर्धा तास. आणि सुई चालू असताना दुखलं तर नुसता हात वर करा. मी थांबेन."

क्रीम मुरत असतानाच दारावर टकटक झाली.

"अजून किती? एवढ्यात घर रंगवून झालं असतं!"

लेक ताडकन उठली. आईने तिचं मनगट धरलं. "आले—" तोंडातून सवयीने निसटलं, ते तिने अर्ध्यातच तोडलं.

"वेळ लागेल. तुम्ही व्हा पुढे."

बाहेरची पावलं दूर गेली.

गाल टोचून, खात्री करून डॉक्टरबाईंनी पुन्हा सुई लावली. औषध अगदी सावकाश सोडलं. लेकीची नजर आईच्या पायांवर खिळली होती. बोटं सैल होती. तरी आईचा हात वर गेला.

सुई तत्क्षणी थांबली.

"दुखलं?"

"नाही." जड झालेल्या ओठांनी आई म्हणाली, "खरंच थांबता का, ते बघितलं."