वाचनालयातला मोत्याचा कौल

वाशिमजवळच्या मालेगावच्या आमच्या वाचनालयात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, ओट्यावर माणसं, पुस्तकांच्या कपाटांना पाठ लावून माणसं. बाहेर लिंबाखाली बैलगाड्या सोडलेल्या. बायकांसाठी वेगळी सतरंजी घातली होती, तीही पुरली नाही. मी, चिटणीस माणिकचंद, दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होतो, आणि छाती अशी फुगली होती की सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्याच बाकी होत्या.

फुगायला कारण होतं. आमच्या कार्यक्रमांना कुत्रं येत नसे. संध्याकाळी मोठ्याने वर्तमानपत्र वाचायची टूम मी काढली, तर लोक कापसाचा भाव ऐकून उठून जात. पिकावरच्या किडीबद्दल व्याख्यान ठेवलं, तेव्हा वक्ते आले, शेतकरी नाही. 'भोळ्या समजुती आणि विज्ञान' या विषयावर तर खुद्द मीच बोललो. समोर आमचे अध्यक्ष सुगनचंद शेठ होते. ते पहिल्या वाक्याला झोपले आणि आभारप्रदर्शनाला उठले. माझी सख्खी बायको पानाबाई, तीसुद्धा आली नाही.

"मी नाई येत बाप्पा," ती म्हणे. "तुमच्या तिथं डांबरगोळ्यायचा वास येते. माहं डोकं उठते."

वासाचं तिचं खरं होतं. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून मी प्रत्येक कपाटात मूठ मूठ डांबरगोळ्या टाकीत असे. नवीन पुस्तक घ्यायला समिती वर्षभर भांडे, पण गोळ्या बिनविरोध मंजूर होत. तो वास भिंतींत मुरला होता, माझ्या अंगात मुरला होता, आणि आम्हा वाचनालयवाल्यांना तो येईनासाच झाला होता.

अशात मौक्तिकानंद महाराज गावात आले. देवळाचे पुजारी त्यांना घ्यायला गेले, तर महाराजांनी मान फिरवली. "आम्ही देवळात उतरत नाही. आम्ही ग्रंथालयात उतरतो. जिथं ग्रंथ, तिथं माझी सरस्वती माउली." हे ऐकून मी विरघळलोच. आजवर वाचनालयाला कोणी मंदिर म्हटलं नव्हतं. गोदाम म्हणणारे पुष्कळ होते. मी मागची कपाटांची खोली त्यांना राहायला दिली, किल्लीसकट.

चमत्कार असा होता. चौरंगावर काचेची मोठी बरणी, तिच्यात पाणी, तळाशी बोराएवढे तीन पांढरेशुभ्र मोती. शेजारी एक तांब्याचा लोटा आणि एक पितळेचा. भोवती ऊद-धूप इतका की पुढच्या रांगेतले खोकत होते. भक्ताने प्रश्न विचारायचा. महाराज डोळे मिटून लोट्यातलं तीर्थ बरणीत सोडायचे. मग कधी पाण्याला फेस यायचा आणि मोती हळूच तळ सोडून वर यायचा, खाली जायचा, पुन्हा वर यायचा. "उठला. माउली हो म्हणते." कधी मोती तळाशी गप्प पडून राहायचे. "निजला. माउलीची मर्जी नाही." शेवटी एक मोती बाहेर काढून तो ज्याच्या त्याच्या कपाळाला लावायचे, आणि माणूस डोळे पुसत उठायचा.

मी विज्ञानावर बोललेला माणूस. मला शंका यायला हवी होती, आणि आलीही असती, पण मी त्या वेळी माणसं मोजण्यात गुंतलो होतो.

तेवढ्यात भाऊसिंग पुढे सरकला. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा हा गडी. बाजारात सरकीचं पोतं एका हाताने फेकणारा. त्याच्या पोटरीला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. ते कुत्रं लाळ गाळत मेलं, तेव्हा त्याची बायको हिरीबाई त्याला ओढत वाशिमच्या दवाखान्यात घेऊन गेली. पोटात सुया घ्यायच्या, रोज एक, पुऱ्या चौदा. थोड्या झाल्या होत्या, बऱ्याच राहिल्या होत्या. आणि एवढा मोठा भाऊसिंग सुईला भ्यायचा.

"महाराज," तो म्हणाला, "लय दुखते. सुया बंद करू काय?"

महाराजांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काय ऐकायचं आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तांब्याचा लोटा कलला, फेस आला, मोती उठला.

"हो म्हणते. अरे वेड्या, विष सुईनं जात नाही, श्रद्धेनं जातं. हा ताईत बांध." भाऊसिंगच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अजून विसरलो नाही. लोकांनी जयजयकार केला. मीही हात वर केला होता, असं नंतर लोक सांगतात.

गर्दी ओसरल्यावर हिरीबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"चिटणीस भाऊ, तुमी मांगं पेपरात वाचून दाखवलं होतं का नाई, पिसाळलेलं कुत्रं चावलं का सुया पुऱ्या घ्या म्हनून? म्या तेच आयकून याले दवाखान्यात नेलं. आता तुमच्याच वाचनालयातला देव सुया नोको म्हनून राह्यला. मंग मी कोनाचं आयकू?"

म्हणजे माझ्या त्या ओस पडलेल्या वाचनाला एक श्रोता होता. तो म्हणजे हिरीबाई, बाजाराच्या दिवशी बाहेर ओट्यावर बसून ऐकणारी. मी महाराजांकडे गेलो, "दवाखान्याचं तेवढं चालू ठेवायला सांगावं" असं पुटपुटलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चिटणीस, उद्या याच्या दुप्पट गर्दी होईल." आणि मी, लाज वाटते सांगायला, क्षणभर उद्याच्या सतरंज्यांचाच विचार केला.

घरी आलो. पानावर बसलो. पानाबाई त्या दिवशी महाराजांसाठी म्हणून पहिल्यांदाच वाचनालयात आली होती. तिने ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "एक सांगा. महाराजानं मोती माह्या कपाळाले लावला, तर त्याले तुमच्या सदऱ्याचा वास काहून येत होता?"

"कसला वास?"

"तुमी रोज घरी घेऊन येता तो. धुऊन धुऊन माहे हात गेले. मले वयखू येनार नाई काय?"

मी तसाच उठलो. महाराज शेठच्या घरी पंगतीला गेले होते आणि दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. पुस्तकं जागच्या जागी, कसर मजेत, आणि गोळ्या एकही नाही. समितीने बिनविरोध मंजूर केलेल्या आमच्याच गोळ्या बरणीत बसून लोकांना कौल देत होत्या. आता कळलं, महाराजांना देवळाचं वावडं का होतं. देवळात त्या मोत्यांचा वास पहिल्याच माणसाला आला असता. आमच्याकडे तो वास घरचाच होता.

घरी येऊन आम्ही नवराबायकोंनी करून पाहिलं. पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवला, डांबरगोळी सोडली, ती तळाशी बसली. वरून लिंबाचा रस पिळला. बुडबुडे उठले, गोळीला चिकटले आणि तिला उचलून वर घेऊन आले. वर येताच बुडबुडे फुटले, गोळी खाली गेली, पुन्हा नवे चिकटले. एका लोट्यात लिंबू, दुसऱ्यात साधं पाणी. हो पाहिजे तर हा लोटा, नाही पाहिजे तर तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरोखरच दुप्पट गर्दी झाली. वाशिमची मोटर वाचनालयासमोरूनच सुटायची आणि भाऊसिंग, ताईत बांधून, सुई चुकवून, पुढच्या रांगेत बसला होता. मी उठलो आणि रसायनशास्त्र सुरू केलं. आम्ल काय, वायू काय, घनता काय. दुसऱ्या वाक्याला लोक म्हणाले, "बसा खाली." सुगनचंद शेठ झोपले. महाराज मंद हसून म्हणाले, "सरस्वतीच्या घरचाच माणूस शंका काढतो. कलियुग आहे." मी खाली बसलो. वक्ता म्हणून माझी कीर्ती अबाधित राहिली.

मग बायकांच्या सतरंजीवरून पानाबाई उठली. हातात लोणच्याची काचेची बरणी, तिच्यात पाणी आणि तळाशी पांढरी गोळी, मागे हिरीबाई दोन तांबे घेऊन. बरणी तिने चौरंगावर महाराजांच्या बरणीला खेटून ठेवली आणि पदर खोचला.

"मी बी कौल लावते. सांग व माय, माहा नवरा हुशार हाय काय?" तांब्यातलं पाणी ओतलं. गोळी निजूनच राहिली. लोक हसले.

"त्याले थोडीफार अक्कल तरी हाय काय?" निजलेलीच. शेठ जागे झाले.

"बरं. मंग हा महाराज लबाड हाय काय?" तिने दुसरा तांब्या ओतला. फस्सकन फेस आला आणि गोळी डुलत डुलत वर आली. सगळं वाचनालय हसायचं थांबलं.

"मोती नाई हा, डांबरगोळी होय. वास घ्या." तिने गोळी हातोहात फिरवली, मग महाराजांच्या बरणीत हात घालून त्यांचा मोतीही काढला आणि तोही फिरवला. तोवर महाराजांनी आपले दोन्ही लोटे पिशवीत भरले होते. अकोल्याकडची मोटर आधी आली, ते तिने गेले. कोणी मारलं नाही, अडवलं नाही. सगळे वास घेण्यात गुंतले होते.

पण भाऊसिंग जागचा हलेना. त्याला सुई नकोच होती. हिरीबाईने बरणीतलं पाणी ओतून टाकलं, सोड्याचं नवीन भरलं, गोळी पुन्हा टाकली आणि दोन्ही तांबे भरून त्याच्यापुढे ठेवले. "तूच इचार. तूच ओत."

त्याने साधं पाणी ओतलं. गोळी निजली. मग त्याने लिंबाचं ओतलं. गोळी उठली. त्याने रिकामा तांब्या नाकाशी नेऊन वास घेतला.

"म्हंजे माह्या जिवाचा कौल लिंबू देऊन राह्यलं होतं," तो हळूच म्हणाला. बाहेर वाशिमच्या मोटरने भोंगा दिला. त्याने ताईत सोडून बरणीत टाकला आणि बायकोच्या मागे जाऊन मोटरीत बसला. राहिलेल्या सगळ्या सुया त्याने घेतल्या, प्रत्येक वेळी ओरडून.

देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी त्यावर व्याख्यान देणार नाही. माझी व्याख्यानं तुम्हाला ठाऊक आहेत. एवढंच सांगतो, कोणी देवाच्या नावाने काही पुढे केलं तर ते हातात घ्या, उलटंपालटं करा, वास घ्या. आणि ज्या वासात आपण रोज बसतो तो आपल्याला येत नाही, म्हणून बाहेरच्या एखाद्याला विचारा. खऱ्या गोष्टीला विचारल्याने काही होत नाही.

आता दर वर्षी वाचनालयाच्या वार्षिक उत्सवात बरणीचा प्रयोग होतो. पानाबाई बोलते, मी तांबे धरतो, आणि पाय ठेवायला जागा नसते. शेवटचा प्रश्न भाऊसिंगचा ठरलेला आहे. तो पुढच्या रांगेतून उठतो, पोटावर हात ठेवतो आणि विचारतो, "सुया बंद करू काय?" बरणीकडे कोणी बघत नाही. सगळं वाचनालय एका आवाजात म्हणतं, "नाई." त्यात सगळ्यात मोठा आवाज ओट्यावरून येतो, हिरीबाईचा.