शिवाच्या गाडीचं नाक

रोह्याहून धाटावला जाताना वळणावर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शहाण्णव साली त्याला खेटूनच शिवाची चायनीजची गाडी लागली. गाडीवर पेंटरनं लाल रंगात ड्रॅगन काढला होता. पेंटर वरसे गावचा, त्यानं जन्मात ड्रॅगन पाहिला नव्हता, त्यामुळे त्याची घोरपड झाली होती. पण तेव्हा लोकांना चायनीजचं वेडच लागलं होतं. घरी बायकोनं कालवण-भाकरी करून ठेवलेली असायची, आणि कंपनीतली ही शहाणी माणसं शिफ्ट सुटली की शिवाच्या बाकड्यावर बसून नूडल्स ओढत असायची. मला त्यांचा राग यायचा. आठवडाभर राग धरला आणि मग मीही एक मंचुरियन मागवलं.

शिवा पेणच्या खाडीकडचा, मिठागरात राबणाऱ्या धोंडुबाईचा एकुलता एक मुलगा. गावात लग्नकार्य असलं की चुलीजवळ हा पोरवयापासून. दारातून आत येता येता सांगायचा, मसाला कच्चा राहिलाय, अजून परता. पुढे धाटावला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला. तिथं एक दिवस पाइप फुटला आणि काहीतरी पिवळं पिवळं त्याच्या नाकातोंडात गेलं. खोकला बरा झाला, पण वास गेला तो गेलाच. पेणच्या डॉक्टरनं सांगितलं की आतल्या शिरा जळल्यात, आशा धरू नकोस. ठेकेदारानं तर आधीच दुसरा माणूस लावला होता.

हे त्यानं बायकोशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. मला कळलं ते असंच. एकदा माझ्या दुकानामागे कुणीतरी विडी टाकली आणि जुन्या टायरांचा ढीग पेटला. सगळे नाक धरून पळाले. शिवा पाठमोरा बसून निवांत चहा पीत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं मान खाली घातली.

लोकांना वाटायचं, शिवाला नव्या फॅशनची हौस. हौस कसली डोंबलाची! जीभ त्याची शाबूत होती, तिखट, आंबट, खारट एवढं कळायचं. पनवेलला एका नेपाळ्याकडे राहून तो मापं शिकून आला होता. या सॉसचा एक चमचा, त्या सॉसचे दोन, आच मोठी.

"सखा, आयच्या कालवनाला नाक लागतं," तो मला म्हणाला होता. "याला चमचा पुरतो."

तरी कोंबडी शिळी आहे का, भात आंबलाय का, हे चमचा सांगत नाही. ते काम नम्रताचं. त्याची बायको रोज संध्याकाळी यायची, एकेक झाकण उचलायची, हुंगायची आणि मान हलवायची. गॅसचं सिलेंडर बदललं की खाली वाकून तिथंही नाक लावायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय टापटिपीची बाई आहे. होतीच ती टापटिपीची.

दुसऱ्या वर्षी नम्रताला दिवस गेले. पहिलटकरीण, बाळंतपणाला कोलाडला माहेरी जायला हवं. नाक कोण होणार? पाऊस लागला होता, मिठागरं बंद होती, म्हणून धोंडुबाईला बोलावून घेतलं. वरसे गावातल्या त्यांच्या खोलीवर स्वयंपाक स्टोव्हवर व्हायचा, गॅस काय तो गाडीला. गावाकडे तर चूलच. त्या म्हातारीनं आयुष्यात गॅसची शेगडी जवळून पाहिली नव्हती.

जायच्या दिवशी नम्रतानं सासूला माझ्या दुकानातल्या बाकावर बसवलं आणि शिवाच्या नाकाचं सगळं सांगितलं, कोंबडी-भात कसा हुंगायचा तेही. धोंडुबाई ऐकत राहिली. इतके दिवस ती समजत होती, पोरगा शेफारलाय, घरचं गोड लागेना झालंय. गावी आला की मुकाट जेवायचा, कौतुकाचा एक शब्द नाही. मनात राग धरून बसली होती ती.

"मंजी माझी सुकट पन नाय?" तिनं विचारलं.

नम्रतानं नाही म्हणून मान हलवली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण हातात कुणाचं तरी चाक होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती गाडीवर बसू लागली. पावसामुळे शिवानं गाडीला तिन्ही मोकळ्या बाजूंनी ताडपत्री लावली होती, खालपर्यंत, वाऱ्यानं आच विझू नये म्हणून. आत एका स्टुलावर धोंडुबाई. कोंबडी आणि भात तिला चांगला कळायचा. बाकी मात्र सगळा आनंद होता. अजिनोमोटो तिनं चिमटीत चोळलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, हे मीठ नाही. मिठातच केस पांढरे झालेले तिचे, तिला कोण फसवणार? व्हिनेगरचा वास घेऊन तिनं तोंड फिरवलं. सोया सॉसचा अख्खा कॅन तर नासलाय म्हणून गटारात ओतला. कोबी-मिरचीचं मुरवलेलं काहीतरी बरणीत होतं, तेही त्याच वाटेनं गेलं.

शिवा भडकला. गिऱ्हाइकं बाकड्यावर बसलेली, त्यांच्यासमोरच. कुणीतरी म्हणालं, म्हातारे, चीनला जाऊन सगळं धुऊन ये. सगळे हसले, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो. धोंडुबाई पदर सावरत खाली बघत राहिली.

"आये, कोंबडी न् भात, येवढाच बघ," शिवा म्हणाला. "बाकी कशाचा पन वास आला तरी बोलू नको. या गाडीवरचं सगलंच तुला नासलेलं वाटतंय."

त्यानंतर ती खरंच बोलली नाही. मला एकदा म्हणाली, इथं बसलं की मळमळतं, पण पोराचं पोट भरतंय ना, मग मला वासाचं काय. नाकाला पदर लावून बसायची. झाकण उघडलं की पदर काढायची, हुंगायची आणि पुन्हा लावायची.

तो दिवस आषाढातला. दुपारी शिवानं नवं सिलेंडर लावलं. कुठल्याशा ओळखीतून, जादा पैसे मोजून आणलेलं. आतला रबरी वायसर झिजला असावा, असं पुढे पोलीस म्हणाले. लावून तो कोबी आणायला रोह्यात गेला. धोंडुबाई ताडपत्रीच्या आत कांद्याची पात निवडत बसली होती. पाऊस उभा कोसळत होता आणि मी दुकानात एका ट्यूबला ठिगळ लावत होतो. ठिगळाच्या सोल्युशनचा वास असा असतो की त्यात दुसरं काही कळत नाही.

शिवा भिजून परत आला. माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, नम्रताचा भाऊ बाजारात भेटला, बहुतेक याच आठवड्यात होईल. आज तुला फुकट नूडल्स. मग ताडपत्री उचलून शेगडी पेटवायला आत गेला.

आवाज फार मोठा झाला नाही. भक्क करून झालं आणि ताडपत्री आतून उजळली. धोंडुबाई कडेला होती, ती बाहेर फेकली गेली, तिचा हात आणि केस भाजले. शिवा मधोमध होता आणि कढई तेलाची होती. आम्ही पोती टाकून त्याला विझवलं. ती पोती माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत.

रोह्याच्या दवाखान्यातून त्याला मुंबईला हलवायला सांगितलं. मी अँब्युलन्समध्ये सोबत होतो. तो शुद्धीवर होता, पण बोलत नव्हता. मुंबईपर्यंत जावं लागलंच नाही. गाडी पेणलाच वळवली आणि खाडीकडे घेतली.

आठ दिवसांनी नम्रताला मुलगी झाली.

गावात नेहमीप्रमाणे बडबड झाली. या चायनीजमध्ये काय काय घालतात देव जाणे, त्यानंच भडका उडाला, असं शिकले-सवरलेले लोक सांगत होते. महिन्याभरात त्याच जागी दुसरी गाडी लागली. तिच्यावरची घोरपड जरा बरी होती. आणि तीच माणसं त्याच बाकड्यावर बसून नूडल्स ओढायला लागली. मी पुन्हा तिथं खाल्लं नाही.

दिवाळी झाल्यावर धोंडुबाई दुकानात आली. मिठागरं सुरू व्हायची होती, तिला जायचं होतं. केस अर्धवट उगवलेले, हाताची कातडी गुलाबी. बसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, पोलिसांनी तेव्हा विचारलं होतं, म्हातारे, गॅसचा वास आला नाही का. मी त्यांना नाही म्हटलं.

"गॅसचा वास कसा असतो रं? मना दाव."

मी खोटंच सांगितलं, मावशी, गॅसला वास नसतो. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग ते इचारत कशाला व्हते, एवढंच ती म्हणाली.

मी तिला घरी नेलं. बायको बाहेर गेली होती. मनात एकच होतं, की हिला दुसराच कुठला वास आला असू दे, नाहीतर आलाच नसू दे. म्हणजे ही बाई निदान झोपेल तरी. शेगडीजवळ नेऊन मी बटण जरासं फिरवलं, न पेटवता, आणि लगेच बंद केलं.

धोंडुबाईनं पदर नाकावरून बाजूला केला होता. ती वाकली, तिनं वास घेतला आणि तशीच ओट्याला धरून उभी राहिली. मग हळूच खाली बसली.

"ह्योच," ती म्हणाली. "चांगला दोन तास येत व्हता. मना वाटला, त्याचा सॉस हाय. तो बोलला व्हता ना बोलू नको म्हनून. मी पदर लावला न् गप बसले."