बसू न देणारं टेबल

तिने टेबलावरची चादर ओढून काढली आणि दोन पावलं मागे सरकली. फाटकाबाहेर टेम्पोवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला.

"खुर्ची कुठे ठेवायची?" मोठ्या मिस्त्रींनी विचारलं.

"ठेवायचीच नाही."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. कमरेच्याही वर येणारं, लांबलचक, अरुंद टेबल भिंत सोडून फर्निचरच्या कारखान्याच्या मधोमध उभं होतं. कागद एका टोकाला, खोडरबर दुसऱ्या टोकाला, आणि शब्दकोश पार खालच्या फळीवर, वाकल्याशिवाय हाती न लागणारा.

"अगं, लिहायचं टेबल म्हणजे माणूस चार तास जागचा हलता कामा नये. आयुष्यभर मी तेच करत आलोय."

"मी महिनाभर बाबांना बघितलंय!" तिचा आवाज नको तितका चढला. "तासात तेवीस वेळा उठतात. मोजलंय मी!"

बाबा म्हणजे तिचे सासरे. एका साप्ताहिकासाठी ते शब्दकोडी रचत. या माणसाच्या पायाला भिंगरी आहे, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिलाही आधी वाटलं होतं, की त्यांचं घरचं टेबलच गैरसोयीचं असेल. मग ती वही घेऊन गुपचूप त्यांच्या मागे बसू लागली. शब्द त्यांना बसल्या जागी सुचतच नव्हता. सुचायचा तो खिडकीपाशी, नळ बंद करताना, नाहीतर जिन्याच्या चौथ्या पायरीवर. टेबलाशी येऊन ते फक्त उतरवून घ्यायचे. हे ध्यानात आलं त्या दिवशी तिने आनंदाच्या भरात दोनदा जेवायला वाढून घेतलं आणि दोन्ही वेळा ताट तसंच ठेवून चित्र काढायला पळाली.

उद्याच्या प्रदर्शनात कारखान्याला एकच जागा मिळाली होती. मिस्त्रींची आरामखुर्ची टेम्पोत चढवून, बांधूनही झाली होती. टेम्पो निघेपर्यंत काय ते दाखव, एवढीच तिला मुभा होती. नाही पटलं, तर दुरुस्तीला आलेल्या लंगड्या स्टुलांचे पाय नेहमीसारखे तिची वाट बघतच होते.

"बाबा, या ना."

इस्त्रीचा शर्ट घालून आलेले सासरे पुढे झाले. त्यांनी पेन्सिल उचलली, शब्दकोड्याची कोरी चौकट समोर ओढली. मिस्त्री हाताची घडी घालून बघत राहिले. पाच मिनिटं झाली. सासरे फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलासारखे ताठ उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"काही सुचत नाही गं," ते हळूच म्हणाले.

मिस्त्रींनी घड्याळात पाहिलं. मग एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. घरी ती पाठीमागे असायची, त्यांना पत्ताही नसायचा.

"मिस्त्री, आपण बाहेर थांबू."

"आता बाहेर कशाला?"

तिने चक्क त्यांची बाही धरली आणि त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. मिस्त्री लाकूड किती वाया गेलं ते सांगू लागले. एवढ्यात आतून पावलं वाजली. एक फेरी. थांबणं. दुसरी फेरी. खोडरबर खसखसलं, कागद फडफडला, पुन्हा पावलं. मिस्त्रींचं वाक्य अर्धंच राहिलं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, नाहीतर ती ओरडलीच असती.

मग सासरे दारातून बाहेर आले. पेन्सिल कानावर खोचलेली, बोटांवर अक्षरं मोजणं चालू. ते दोघांच्या मधून गेले, टेम्पोला वळसा घातला आणि रस्त्याने चालू लागले.

"अगं, हे निघाले कुठे?"

"पाच अक्षरं शोधायला असतील. येतील परत."

मिस्त्री आत गेले. चौकटीचा वरचा कोपरा भरला होता. त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवत एक फेरी मारली, मग आणखी एक. दुसऱ्या फेरीत त्यांनी पेन्सिल उचलली, कागदाच्या कडेला खुर्चीच्या पाठीचं नवं वळण काढलं आणि ती दारात दिसताच पेन्सिल ठेवून दिली.

"उंची अर्धा इंच जास्त झालीय."

"हो."

ते टेम्पोपाशी आले. तीन महिने खपून केलेल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि स्वतःच दोरीची गाठ सोडू लागले.

"लांबी सांग टेबलाची," मागे न बघता ते म्हणाले. "यात मावायला नको?"

महिनाभर तिला प्रत्येक माप तोंडपाठ होतं. त्या क्षणी एकही आठवेना.