बस वळायची जागा

कंडक्टरीणबाईंनी बसच्या मागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ड्रायव्हरने स्टिअरिंग गरागरा फिरवलं. गाडी मागे सरकत आत्यांच्या फाटकापाशी आली, अलगद वळली आणि शहराकडे तोंड करून थांबली. डांबरी रस्ता इथे संपायचा, म्हणून बसही इथेच संपायची. पत्र्यावरची थाप ऐकली की आत्या गॅस पेटवत, आणि ड्रायव्हर नळावर हात धुऊन व्हरांड्यात येईपर्यंत चहाला उकळी आलेली असे.

आज मात्र त्याने हात धुवायला उगाच वेळ लावला. उद्यापासून बस इथे वळणार नव्हती. पुढच्या वसाहतीपर्यंतचा रस्ता पक्का झाला होता आणि नगरपालिकेने बसची फेरी तिथवर वाढवली होती. आत्यांना ते सांगायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं आणि महिनाभर उद्यावर ढकललं. तसं पाहिलं तर सांगण्यासारखं उरलं होतंच काय? रोडरोलर त्यांच्याच दारावरून घरघरत गेला होता. पुढे काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण दोघांपैकी कुणीच विषय काढत नव्हतं.

सगळेच त्यांना आत्या म्हणत, पण त्या राहत एकट्या. तरी घर एकटं वाटायचं नाही, ते त्या चिखलाच्या वाटेमुळेच. वसाहतीतली माणसं तिकडून घोटाभर चिखल तुडवत येत, आत्यांच्या नळावर पाय धुवत, माखलेल्या चपला व्हरांड्यात ठेवून पिशवीतले कोरडे बूट चढवत आणि मग बसमध्ये बसत. संध्याकाळी हाच प्रकार उलटा. कुठली चप्पल कुणाची, हे आत्यांना तोंडपाठ होतं. कुणाचा अंगठा तुटलाय ते मालकाच्या आधी त्यांना कळे. आता रस्ता झाल्यावर तिथे कोण कशाला थांबेल, या विचारात ड्रायव्हर कप नुसताच फिरवत राहिला. आई गेल्यापासून त्याच्या चहातल्या साखरेवर कुणी लक्ष ठेवलं असेल, तर ते याच बाईने.

"काय रे, गप्प का आज?"

"काही नाही. क्लच जरा जड झालाय."

"क्लच," आत्या म्हणाल्या आणि त्याच्या हातातला कप घेऊन आत गेल्या. हिरव्या रेघेचा, कानाचा टवका उडालेला तो कप त्याचाच ठरलेला होता. आज तो धुवायला त्यांनीही जरा जास्तच वेळ लावला.

गाडीत चढल्यावर कंडक्टरीणबाईंनी त्याची चांगलीच हजेरी घेतली. एवढा धिप्पाड गडी, घाटात ब्रेक गेले तरी डगमगला नव्हता, आणि एका म्हाताऱ्या बाईपुढे तोंडाला कुलूप. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी बस पहिल्यांदाच आत्यांच्या दारावरून सरळ पुढे गेली. थांबा अजून होता, पण उतरणारं कुणी नव्हतं. ड्रायव्हरने वेग कमी केला. फाटक लावलेलं होतं. व्हरांड्यात एकही चप्पल नव्हती, आणि आत्याही नव्हत्या. रागावल्या, आणि का नाही रागावणार? पुढचा रस्ता लोण्यासारखा गुळगुळीत होता. त्याला त्या गुळगुळीतपणाचाही राग आला.

वसाहतीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं. गळ्यात मोजायची टेप अडकवलेला म्हातारा शिंपी दारात ट्रे धरून उभा होता. ट्रेमध्ये दोन कप होते, आणि त्यातला एक हिरव्या रेघेचा, कानाचा टवका उडालेला.

ड्रायव्हरने घोट घेतला. साखर बेताची, पत्ती कडक. चव तीच.

शिंप्याने मग सगळं सांगितलं. काल शेवटची गाडी गेल्यावर आत्या चालत आल्या होत्या. त्याच्याकडून तीनदा चहा करून घेतला, दोनदा मोरीत ओतला, आणि जाताना हा कप ठेवून गेल्या. ड्रायव्हर नुसताच बघत राहिला, तेव्हा शिंप्याला नवल वाटलं. रस्त्याला निधी कुणामुळे मिळाला, हे याला ठाऊकच नव्हतं तर. नगरपालिकेकडे पैसा होता एकाच कामापुरता, हा रस्ता नाहीतर मोठ्या चौकातलं कारंजं. सुनावणीला साहेबलोक नकाशे दाखवत होते, वसाहतीत माणसं ती किती, असं म्हणत होते. तेवढ्यात आत्या पोतं घेऊन पुढे गेल्या आणि त्यांनी ते टेबलावर रिकामं केलं. सगळ्यांच्या चिखलाच्या चपला. नकाशांवर चिखल सांडला.

"बोलल्या एवढंच," शिंपी म्हणाला, "की या माझ्या व्हरांड्यात राहतात. यांना आता घरी जाऊ द्या."

ड्रायव्हरने कप तोंडाशी धरला. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला चहाची वाफ पुरेशी नव्हती.

"मला एका शब्दाने बोलल्या नाहीत."

"सांगू नका म्हणाल्या. तो तोंड पाडून बसेल म्हणाल्या."

कंडक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी आपला कप पुन्हा भरून घेतला. ड्रायव्हरने रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला, तर शिंप्याने तो उचलून परत त्याच्या हातात दिला. हा इथे ठेवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. जाताना फाटकाशी द्यायचा, येताना घ्यायचा. रोजच्या रोज.

परतीच्या वाटेवर कुणी बेल वाजवली नाही. गाडी आपसूकच थांबली. आत्या फाटकात उभ्या होत्या, आताच सहज बाहेर आल्यासारख्या. त्यांनी खिडकीतून कप घेतला आणि कपात डोकावून पाहिलं.

"बरा करतो ना शिंपी चहा?"

ड्रायव्हर चांगला करतो असंच सांगणार होता. पण त्यांच्या मागचा तो झाडूनपुसून लख्ख केलेला, रिकामा व्हरांडा त्याला दिसला.

"कसला बरा? गोडमिट्ट."

आत्यांचा चेहरा उजळला.

"वाटलंच मला. शिंप्याचं माप कापडापुरतंच. उद्या येते मी बसमधून, एकदा नीट दाखवते त्याला."

दोन कप रिचवलेल्या कंडक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग आत्यांकडे.

"एकदा दाखवून नाही व्हायचं हो, आत्या," त्या म्हणाल्या. "फारच वाईट करतो. तुम्ही पासच काढा."

आणि त्यांनी डबल बेल दिली.