आठ पेट्यांची एक वेळ

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सातपूरच्या एका फोर्जिंग कारखान्यात, टाइम ऑफिसमागच्या टेलिफोन खोलीत, हुजैफाने शेवटची कमांड दिली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आठ ओळी उमटल्या.

"झालं काका," तो म्हणाला. "ड्रायव्हर लोड झाला. आठच्या आठ बेस आले."

इथल्या फोनची देखभाल करणारा गोटीराम भोये चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ वाकला. ओळी त्याने बोट लावून मोजल्या.

"पेट्या जाग्या झाल्या," तो म्हणाला. "आता बोलत्यात का ते पाहू."

पेट्या म्हणजे शेडच्या खांबांवर बसवलेले पांढरे बेस. कामगाराच्या पट्ट्याला अडकवलेला कॉर्डलेस फोन जवळच्या पेटीशी बोलतो. पेटी तारेतून टेलिफोन खोलीतल्या कॉम्प्युटरशी बोलते आणि त्यातलं आयएसडीएन कार्ड सगळ्यांना एकमेकांशी जोडून देतं. आयएसडीएन ही टेलिफोनची जुनी डिजिटल पद्धत. बाहेर ती जवळपास संपली आहे. या कारखान्यात तिच्यावर अजून चव्वेचाळीस फोन चालतात, कारण मोबाइल इथे गेटवरच जमा करावा लागतो. मोठ्या ग्राहकांची ती अट आहे.

शनिवारी जुना कॉम्प्युटर जळाला. नवा आला, त्याच्याबरोबर नवं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरची मूळ प्रणाली आली, आणि कार्डाचा जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्या लिनक्सवर चढेना. गंगापूर रोडच्या एका छोट्या कंपनीतून सोमवारी हुजैफाला बोलावलं. वय सत्तावीस, राहणार जुन्या नाशकात. ड्रायव्हरचा कोड नव्या लिनक्सला पचेल असा करायला त्याला दोन दिवस लागले.

तोपर्यंत तापलेलं लोखंड ठोकणारा मोठा हॅमर बंद होता, कारण त्याला माल क्रेनने द्यावा लागतो. क्रेन हलवताना वर केबिनमध्ये बसलेला आणि खाली क्रेनबरोबर चालणारा, दोघांचा फोन चालू असलाच पाहिजे, असा नियम आहे. प्लांट मॅनेजर सानप यांनी बुधवारी दुपारी चारची वेळ दिली होती. भट्टीपासून गेटपर्यंत चालत असताना फोन तुटला नाही, तर यंत्रणा राहील. तुटला, तर काढून टाकायची. नव्या यंत्रणेचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता. गोटीरामचा करार या जुन्या यंत्रणेच्या देखभालीपुरता होता. ती गेली की करारही गेला. खोलीतल्या दोघांनाही हे माहीत होतं.

गोटीरामने चार्जरवरून एक फोन उचलला आणि बाहेर टेलिफोन बोर्डावर बसलेल्या आशाबाईंना म्हणाला, "ताई, कागद-पेन्सिल घ्या. मोजतो."

"परत मोजणी?" आशाबाई म्हणाल्या. त्या या बोर्डावर सोळा वर्षं आहेत. "शनिवारपासून बोर्ड मुका आहे माझा. निदान एखादं गाणं तरी म्हणा, भोयेदादा."

"गाण्यातला शब्द गेला तर तुम्ही मनानं भराल. आकडा गेला तर गेला."

ही पद्धत त्याची स्वतःची नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली, सतराव्या वर्षी, तो पेठजवळच्या पाड्यावरून वडिलांबरोबर नाशकात आला तो टेलिफोनच्या केबलचे चर खोदायला. रोजंदारी. खोदताना तो केबलचे सांधे जोडणाऱ्या रहेमानभाईंच्या हाताकडे बघत बसे. एके दिवशी रहेमानभाईंनी त्याला चरातून वर घेतलं आणि हातात टेस्टिंगचा फोन दिला. तो "हॅलो, हॅलो" करू लागला. "हॅलो से कुछ नहीं मालूम पडता," रहेमानभाई म्हणाले. "गिनती बोल. कौनसा आकडा गिरा वो सामनेवाला बताएगा." तेव्हापासून गोटीरामने कुठल्याही लाइनवर हॅलो म्हटलेलं नाही. पुढे तो सांधे करायला शिकला आणि टेलिफोन खात्यातलं कंत्राटी काम संपल्यावर या कारखान्यात आला. दोन हजार सहा साली पुण्याच्या इंजिनिअरांनी ही यंत्रणा दोन दिवसांत बसवली आणि ते परत गेले. त्यांनी दाबलेली प्रत्येक कमांड गोटीरामने वहीत लिहून घेतली होती. त्या वहीवर यंत्रणा एकोणीस वर्षं चालली.

तो भट्टीजवळच्या पहिल्या पेटीखाली गेला आणि चालू लागला. पावलाला एक आकडा. छोट्या हॅमरच्या दणक्यात आवाज चढवून तो मोजत होता. बोर्डावर आशाबाई आलेला प्रत्येक आकडा लिहीत होत्या.

बावन्ननंतर खरखर झाली आणि फोन तुटला.

त्याने पुन्हा लावला. दुसऱ्या खेपेला अठ्ठेचाळीसवर तुटला. तिसऱ्या खेपेला पहिल्या दोन पेट्या पार झाल्या आणि तिसरीकडे जाताना तुटला. मग तो तिसऱ्या पेटीखाली जागेवर उभा राहिला आणि दोनशेपर्यंत मोजलं. सगळे आकडे पोचले.

साडेअकराला तो परत खोलीत आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"बेस जुने झालेत काका," हुजैफा म्हणाला. "ड्रायव्हर बरोबर आहे. मी तीनदा चेक केलं. एकोणीस वर्षं म्हणजे लई झालं."

"आठही एकाच शनिवारी म्हातारे झाले?"

हुजैफा हसला, पण लगेच थांबला.

"उभ्या माणसाचं नीट येतं," गोटीराम म्हणाला. "चालत्याचं तुटतं. म्हंजी पेटीत काय नाय. दोन पेट्यांच्या मधी हाय."

हुजैफाने खुर्ची फिरवली. चालता माणूस एका पेटीच्या टप्प्यातून दुसरीच्या टप्प्यात गेला की त्याचं बोलणं पहिली पेटी दुसरीकडे सोपवते. ते सोपवणं डोळ्याची पापणी लवण्याच्या आत व्हावं लागतं, आणि त्यासाठी दोन्ही पेट्यांची घड्याळं तंतोतंत जुळलेली लागतात. पेट्या ती वेळ कार्डाकडून घेतात. कार्ड कुठून घेतं हे त्याने आतापर्यंत पाहिलं नव्हतं. त्याने ड्रायव्हरची नोंद उघडली आणि वर सरकत गेला.

"इथे लिहिलंय की कार्ड वेळ बाहेरून घेतंय," तो म्हणाला. "दुसऱ्या कार्डाकडून. पण दुसरं कार्ड तर आपण..."

गोटीराम कोपऱ्यात पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरकडे गेला. झाकण काढलं. आत दुसरं कार्ड जागेवरच होतं. ते बाहेरून येणाऱ्या लाइनचं. ती लाइन कारखान्याने मार्चमध्ये परत केली होती. नव्या कॉम्प्युटरमध्ये एकाच कार्डाला जागा होती. सोमवारी हुजैफाने विचारलं होतं, कुठलं लावू? तेव्हा गोटीरामच म्हणाला होता, लाइन मेली, ते राहू दे तिथंच.

कार्डाच्या कडेला एक चपटी करडी पट्टी लोंबत होती. दोन कार्डांना जोडणारी. सोमवारी ती त्यानेच उपसली होती.

त्याने ती पट्टी हातात घेतली. उभ्या आयुष्यात त्याने तारांच्या हजारो मेलेल्या जोड्या कापल्या होत्या. लाइनमनच्या धंद्यात लाइन मेली की तिच्या टोकाला काही उरत नाही. तो तसाच विचार करत आला होता.

"लाइन मेली व्हती," तो म्हणाला. "कार्ड जित्तं व्हतं. त्याचंच घड्याळ चालत व्हतं. आठी पेट्या त्याच्यावर चालत व्हत्या, अन् मी ते काढायला लावलं. चूक माझी हाय."

"विचारायला मीपण हवं होतं, काका."

"तू विचारलंस. मी सांगितलं."

ते कार्ड परत लावायला नव्या कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. उरला एकच मार्ग. एकट्या कार्डाने स्वतःचं घड्याळ धरायचं आणि तेच सगळ्यांना द्यायचं. हुजैफाने ड्रायव्हरचा कोड पुन्हा उघडला. पाऊण तासाने त्याला जागा सापडली. दुसरं कार्ड वेळ देईल अशी जुनी सूचना ड्रायव्हर पाळत होता, पण ते कार्ड खरंच आहे का, हे तो तपासतच नव्हता. हुजैफाने चार ओळी घातल्या. पहिल्यांदा कंपाइल, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करणं, अडलं. एक ओळ वर नेल्यावर झालं.

"सगळ्यांना एकदम उठवू नको," गोटीराम म्हणाला. "जवळच्या पेटीपासनं एकेक घे. दोन-दोन मिनिटं दे. वेळ धरू दे त्यांना."

"तसं काही लागत नाही, काका."

"मग नुकसान काय हाय?"

हुजैफाने एकेक पेटी चालू केली. दोन-दोन मिनिटं दिली.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी गोटीराम पुन्हा पहिल्या पेटीखाली उभा राहिला. या वेळी हुजैफा बोर्डाशी, आशाबाईंच्या मागे उभा होता. बावन्न आलं. त्रेपन्न आलं. हुजैफाने खुर्चीची पाठ धरली. शंभर, दीडशे. मधल्या शेडमध्ये हॅमरच्या आवाजाने आकडा पुसट झाला, पण आला. गोटीराम गेटपर्यंत गेला, सुरक्षा रक्षकाला हात केला आणि मोजत मोजत परत फिरला. बोर्डापाशी पोचला तेव्हा त्याच्या तोंडातला आकडा फोनमधूनही ऐकू येत होता. सहाशे चाळीस.

"वाचा," तो म्हणाला.

आशाबाईंनी चार पानं उलटली. "एक ते सहाशे चाळीस. एकही गेला नाही. चारशे अकराला शिंकलात, तीपण आली."

"तो धुरळा व्हता," गोटीराम म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

चारला पाच मिनिटं असताना सानप आले. त्यांनी गोटीरामचा फोन घेतला नाही. चार्जरवरचा दुसराच एक उचलला आणि क्रेन ऑपरेटर दिनेशला लावला. "क्रेन रिकामी चालव. मी खालून येतो. बोलत राहा." ते भट्टीपासून गेटपर्यंत गेले आणि आले. परत येताना ते दिनेशला त्याच्या भाताच्या आवणीबद्दल, रोपं लावून झाली का, असं विचारत होते.

फोन जागेवर ठेवून ते म्हणाले, "दुसऱ्या पाळीत हॅमर सुरू करा."

"म्हणजे यंत्रणा राहणार ना, साहेब?" आशाबाईंनी विचारलं.

"हॅमर सुरू करा म्हणालो. बाकीचं सोमवारच्या बैठकीत. भोये, नेमकं काय झालं होतं ते लेखी द्या. माझ्यावर वरून प्रश्न येणार."

अहवाल हुजैफाने टाइप केला. तो वाचून दाखवत होता आणि गोटीराम ऐकत होता. 'यंत्रणा नव्या कॉम्प्युटरवर नेताना एक कार्ड जोडायचे राहून गेले' या वाक्यावर गोटीरामने हात वर केला.

"राहून नाय गेलं. मी काढायला लावलं. तसं लिही."

"काका, हा कागद सोमवारी तुमच्या कराराबरोबर जाणार."

"जाऊ दे की."

"राहून गेलं म्हटलं तरी खोटं नाही ना."

"उद्या माझ्या जागी दुसरा कोणी बसंल. तो हे वाचंल. 'राहून गेलं' वाचून त्याला काय कळंल? 'लाइन मेली म्हून कार्ड काढलं' असं वाचलं, तर तो कार्ड काढणार नाय."

हुजैफाने वाक्य बदललं. गोटीरामने दोनदा वाचून सही केली. त्याची सही मोठी आहे. गोटीराम हिरामण भोये, पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता.

तो निघाला तेव्हा हुजैफाने त्याला थांबवलं.

"या चार ओळी मी ड्रायव्हर सांभाळणाऱ्या लोकांना पाठवतोय. वेगवेगळ्या देशांतले असतात. त्यांनी घेतल्या तर पुढच्या लिनक्समध्ये जातील. कुणाकडे असं एकटं कार्ड असलं तर त्याचे तीन दिवस वाचतील."

"मग पाठव. मला काय विचारतो?"

"खाली एक ओळ असते. बदल कोणी केला ते मी लिहिलंय. कोणी तपासला, तेही लिहायची रीत आहे. तिथे तुमचं नाव टाकतो."

"मी काय केलं? नुसता चाललो."

"त्यालाच टेस्टिंग म्हणतात, काका. मेल आयडी सांगा."

गोटीरामकडे तो नव्हता. मुलीचा, रोहिणीचा होता. ती पेठला आश्रमशाळेत शिकवते. तो त्याने एकेक अक्षर सुटं करून सांगितला. मग टाइप केलेलं हुजैफाकडून परत वाचून घेतलं.

"गावाचं नाव टाकता येतं का?" गोटीरामने विचारलं.

"नाही. नाव आणि मेल, बास."

"बरं."

मेल बुधवारी सायंकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी गेला. अर्ध्या तासाने तो सर्वांना दिसेल अशा यादीच्या पानावर चढला. तिथे चढलेला मजकूर मागे घेता येत नाही, असं हुजैफाने सांगितलं. रोहिणीने ते पान पेठहून फोनवर उघडलं आणि शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना दाखवलं. वडील काय करतात, हे त्यांनी आजवर विचारलं नव्हतं.

मोठा हॅमर बुधवारी दुसऱ्या पाळीत सुरू झाला. गुरुवारी आणि शुक्रवारी फोन तुटल्याची एकही तक्रार बोर्डाकडे आली नाही. सोमवारच्या बैठकीत टेलिफोनचा विषय सातवा आहे. बैठकीला गोटीरामला बोलावलेलं नाही. त्याच्या सहीचा कागद मात्र सानपांच्या फाइलमध्ये आहे. शुक्रवारी सायंकाळी साडेपाचपर्यंत हुजैफाच्या मेलला कोणाचंही उत्तर आलेलं नव्हतं.