मेहुण्यांचा अबोला

आमचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकेकाळचे मेहुणे. सर्जनच्या बहिणीचा भूलतज्ज्ञांशी मांडलेला संसार मोडला आणि दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. चार वर्षं झाली. टेबलाच्या दोन बाजूंना ते, मधे मी, थिएटरची मुख्य सिस्टर.

"सिस्टर, त्यांना सांगा, टेबल वर घ्या."

"सिस्टर, त्यांना सांगा, मला ऐकू येतं."

मग रुग्णालयाने सुरक्षेची यादी आणली. भूल देण्याआधी सगळ्यांनी हजर राहायचं, मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा, ज्याचं त्याने उत्तर द्यायचं.

"आता हजेरीही घेणार काय आमची?" सर्जन पहिल्याच दिवशी तडकले. भूलतज्ज्ञ नुसते नाकातून हसले. महिनाभर दोघं "हो, हो, पुढे" करत राहिले. मीही उरकत होते, खोटं कशाला बोलू.

त्या मंगळवारी टेबलावर एक शिंपीकाका होते. गाठ आलेलं डावं मूत्रपिंड काढायचं होतं. काका अजून जागेच होते.

"अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जाईल?" मी वाचलं.

"जाऊ शकतं. पुढे," सर्जन म्हणाले.

"जाईलच," भूलतज्ज्ञ छताकडे बघत म्हणाले. "रक्त पातळ करायची गोळी परवापर्यंत चालू होती."

सर्जन गर्रकन त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी. फाइलमध्ये लिहिलंय. वाचायची सवय असती तर..."

"तोंड शिवलं होतं का?"

"तुमच्याशी बोलण्यासारखं ठेवलंयत काय?"

काकांनी मान उचलली. "सिस्टर, माझे कपडे कुठायत?"

माझा तोल गेला. "दोघंही गप्प बसा! ह्यांच्या पोटावर भांडू नका. ऑपरेशन करायचं की नाही ते एकमेकांना सांगा. मी निरोप पोचवणार नाही."

मी यादीचा कागद मिटून खिशात घातला.

"गोळी बंद ठेवून पाच दिवस थांबू," भूलतज्ज्ञ म्हणाले.

"सात."

"बरं, सात."

बाहेर काकू माझ्यावरच उखडल्या. "माणसाला रात्रभर उपाशी ठेवलंत, खेळ मांडलाय काय?" दुपारी सर्जननी मला केबिनमध्ये बोलावून झाडलं. "पेशंटसमोर आवाज चढवायचा नाही."

"तुम्हीही," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

आठवड्याने काका परत आले. मी यादी उघडली तोच सर्जननी थेट विचारलं, "रक्त किती आहे?"

"दोन पिशव्या."

"चार हव्यात."

"मागवतो. हे काल सांगता आलं असतं."

पोट उघडल्यावर एक शीर सुटली.

"दाब उतरतोय. थांबा."

"बोट ठेवलंय. दोन मिनिटं द्या."

"दिली. रक्त चढवतोय... हं, आता करा."

तीन पिशव्या लागल्या. काका वाचले.

नंतर दोघं शेजारशेजारच्या नळांवर हात धूत होते. वाटलं, आता तरी एखादा शब्द बोलतील. सर्जननी टॉवेल ओढला आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेले.

यादीवर सह्या राहिल्या होत्या. त्या मी दोन वेगळ्या खोल्यांत जाऊन घेतल्या.